पांढरकवड्याचा वकील

पांढरकवड्याच्या बसस्थानकात उभं राहून ‘या गावात आहे काय?’ असं मोठ्याने कुणी विचारू नये, हे आम्हा एसटीवाल्यांना ठाऊक होतं. प्रवाशांना ठाऊक नसायचं. ते बिचारे विचारून बसायचे आणि चौकशीच्या खिडकीमागे बसलेला देवीलाल राठोड हातातलं पेन खाली ठेवायचा. पेन खाली ठेवलं की आम्ही समजायचो, आता पुढची गाडी किती वाजता हे त्या माणसाला लवकर कळणार नाही.

मी नानाजी, त्याच आगाराचा कंडक्टर. देवीलाल आणि मी बरोबरच नोकरीला लागलो. पुढे तो परीक्षा देऊन वाहतूक नियंत्रक झाला आणि खिडकीत बसला. मला अभ्यासाचा कंटाळा, म्हणून मी तिकिटं फाडत राहिलो. फेरी संपवून आलो की त्याच्या खोलीत बसून चहा घ्यायचा आणि त्याची भांडणं ऐकायची, ही माझी करमणूक होती. घरी टीव्ही होता, पण त्यात एवढी मजा नव्हती.

आमचं गाव हायवेवरचं. वर नागपूर, खाली हैदराबाद. इथल्या स्टँडवर उतरलेला परका माणूस बहुधा इथं आलेला नसतोच, दुसरीकडे कुठेतरी जाता जाता तो इथं अडकलेला असतो. त्यामुळे त्याचं तोंड आधीच वाकडं असतं. हॉटेल नाही, एसी वेटिंग रूम नाही, धड कॉफी मिळत नाही, अशी त्याची यादी सुरू झाली की देवीलाल खिडकीतून बाहेर वाकायचा. एकदा नागपूरच्या एका बाई म्हणाल्या, किती लांब आहे हो हे नागपूरपासून. देवीलाल शांतपणे म्हणाला, “नागपूर लांब आहे बाई. आमी तं जिथल्या तिथं आहो.”

त्याच्याकडे मुद्दे भरपूर होते. पुण्या-मुंबईचे लोक हजारो रुपये मोडून टिपेश्वरला वाघ पाहायला येतात, तो वाघ आमच्या शेजारी फुकट राहतो. नागपुरात सिग्नलला जेवढा वेळ जातो तेवढ्यात आमचा माणूस दुपारी घरी जाऊन, जेवून, डुलकी काढून परत कामावर येतो. इथं कुणी मेलं तर खांदा द्यायला शेजारी धावत येतात, तिकडं शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. समोरचा माणूस तरीही ऐकेना, तर देवीलाल हुकमी पान काढायचा. तो बंजारा. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सगळा मुलूख पालथा घातला होता. तो म्हणायचा, आमच्या लोकांनी मोठमोठी शहरं पायांनी पाहिली आहेत, आणि सगळं पाहून शेवटी बसले कुठं, तर इथं. यावर आजवर कुणाला उत्तर देता आलेलं मी पाहिलं नाही. आम्ही मागून त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणायचो आणि त्याला ते आवडायचं.

या वकिलाचा एक पक्का श्रोता होता, शंकरसिंग पवार. देवीलालच्या तांड्याशेजारच्या तांड्यावरचा शेतकरी, बाजाराच्या दिवशी गावात यायचा आणि काम आटोपलं की चौकशीच्या खिडकीखालच्या बाकावर बसायचा. त्याला कुठंच जायचं नसायचं. तो देवीलालचं बोलणं ऐकायला यायचा. प्रत्येक मुद्द्याला मान हलवायचा आणि प्रवासी निरुत्तर झाला की माझ्याकडे बघून हसायचा. आम्ही सगळे देवीलालची गंमत पाहत होतो. हा एकटा माणूस त्याचं बोलणं मनावर घेत होता, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

शंकरसिंगचा मुलगा लखन. आयटीआय करून त्याने स्टँडच्या रस्त्याला मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं होतं. जळालेली विहिरीची मोटार त्याच्या हाती दिली की दुसऱ्या दिवशी पाणी उपसायला तयार. पोरगा कमी बोलणारा आणि कामाला वाघ. देवीलालची मुलगी ममता बी.फार्म. होऊन गावातल्याच एका मेडिकलच्या काउंटरवर उभी राहत होती. तिच्या शिक्षणाला ते काम लहान होतं आणि पगार त्याहून लहान. पण कुणी तसं सुचवलं की देवीलाल म्हणायचा, माझी पोरगी दुपारी घरी येऊन आईच्या हातची भाकर खाते, पुण्याच्या पोरींच्या नशिबात आहे का हे?

आता होळीची गोष्ट. देवीलालचं घर गावात, पण सणवार त्याच्या तांड्यावर. गावापासून हाकेच्या अंतरावर टेकडीला लागून त्याचा तांडा आहे. त्या वर्षी त्याचा मोठा भाऊ भावसिंग याला नातू झाला होता. बंजाऱ्यांत वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा होळीला धुंडाचा कार्यक्रम करतात. डफ वाजतो, लेंगी म्हणजे होळीची गाणी गातात, सगळ्यांचं तोंड गोड करतात. मला आमंत्रण होतं, शंकरसिंगही आला होता. आणि पुण्याहून आला होता देवीलालचा मेहुणा बादल.

बादल तिकडं कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर होता आणि पुण्याचं पाणी त्याला चांगलंच मानवलं होतं. जेवण झाल्यावर तो बोलायला लागला. जिजाजी, तुमच्या गावात आठ वाजता दुकानं बंद होतात. चांगला डॉक्टर पाहिजे तर गाडी करून नागपूर गाठावं लागते. पोरं शिकतात आणि मग हातावर हात धरून बसतात. देवीलालने सगळे मुद्दे फेकले. वाघ झाला, सिग्नल झाला, बैल आणि मीठही झालं. बादल हसत होता. मग त्याने हसतहसतच विचारलं, एवढं चांगलं आहे गाव, तर ममताला याच गावात द्याल का?

देवीलालच्या हातात त्या वेळी गुळाचं ताट होतं. पाहुण्यांना गूळ वाटायचं काम भावाने त्याला दिलं होतं. आता तांड्याची एक रीत सांगायला हवी. या तांड्यात सोयरीक ठरवायला कागद लागत नाही. नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, मुलीचा बाप शब्द देतो, आपल्या हाताने गूळ वाटतो, मुलाचा बाप तो खातो. झालं. देवीलाल त्या रीतीत वाढलेला माणूस, त्याला हे मी सांगायला नको. पण वाद चढला की माणसाला आपल्या हातात काय आहे ते दिसत नाही. तो ताडकन म्हणाला, “देईन! इथंच देईन. या शंकरसिंगाच्या लखनले देईन.” आणि समोर बसलेल्या शंकरसिंगच्या हातावर त्याने गुळाचा खडा ठेवला. शेजारी धावजी नायक बसले होते, त्यांच्याही हातावर ठेवला. मग माझ्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या असतील, कारण बादलचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

शंकरसिंगने तो गूळ लगेच खाल्ला नाही. आधी कपाळाला लावला, मग खाल्ला.

त्या दिवसापासून तो देवीलालला ‘सगा’, म्हणजे व्याही, म्हणायला लागला. देवीलालला ती थट्टा वाटली, तोही उलट ‘या सगा, बसा’ म्हणायचा. उन्हाळ्यात शंकरसिंगने मला बाजारात सांगितलं की हैदराबादची एक पंपाची कंपनी लखनला बोलावत होती, पगारही चांगला होता, पण नको म्हणून कळवलं. मी म्हटलं, बरं केलं. दुसरं काय म्हणणार? दुसऱ्याच्या मुलाच्या नोकरीबद्दल ‘बरं केलं’ म्हणायला आपलं काही जात नाही.

दिवाळीनंतर बादलने पुण्याचं स्थळ सुचवलं. मुलगा इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, वडील मूळचे दिग्रसकडच्या तांड्यातले, पण सगळा जन्म पुण्यात गेलेला. देवीलालने मला सांगितलं तेव्हा तो खिडकीत बसूनही कुजबुजत होता. मी विचारलं, आणि शंकरसिंग? तो म्हणाला, अरे ती होळीची गंमत होती. त्याचा आवाज इतका सहज होता की मीही ते सहज घेतलं. मला तो गूळ आठवला नव्हता असं मी म्हणणार नाही. आठवला होता, पण मी गप्प बसलो.

पाहुणे यायच्या दिवशी त्याने मला घरी बोलावलं, शेजारचं चांगलं माणूस म्हणून. नवं पांघरूण घातलेल्या दिवाणावर मी बसलो होतो. घरात सुखीबाई, म्हणजे देवीलालची बायको, पोहे करत होती. ममता आत होती. इतक्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि तिच्या मागे पुण्याची पांढरी कार. मोटारसायकलवर लखन होता. पाहुण्यांनी स्टँडच्या रस्त्यावर त्याच्याच दुकानात पत्ता विचारला होता. आमच्या गावात पत्ता सांगत नाहीत, नेऊन सोडतात. हाही देवीलालचा एक मुद्दा होता. लखनने हातातलं काम टाकलं, हात पुसले आणि त्यांना दारापर्यंत आणून सोडलं. कुणाला पाहायला आले आहेत हे त्याला रस्त्यात कळलं की दारात, ते मला ठाऊक नाही.

मुलाचे वडील उतरले, इकडेतिकडे बघत म्हणाले, गाव तसं लहानच राहिलं हो. मी दिवाणावरून पुढे सरकलो. मला वाटलं, आता पाहा मजा. आता पेन खाली ठेवलं जाणार. देवीलाल हात जोडून उभा होता. तो म्हणाला, “हो न साहेब. काय आहे इथं.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुलाच्या आईने लखनकडे बघून विचारलं, हा मुलगा कोण, फार चांगला वाटला. देवीलाल म्हणाला, तो होय, मोटारी बांधणारा पोरगा आहे, रस्त्यावर दुकान आहे त्याचं. लखन अजून दारातच होता. सुखीबाई पाणी घेऊन बाहेर आली तर तो नको म्हणाला, काम पडलं आहे म्हणाला आणि गाडी वळवून गेला. पोहे चांगले झाले होते, पण मला खाता आले नाहीत. लाज देवीलालला वाटायला हवी होती, आणि ती वाटत होती मला.

त्याची बाजू मला कळत नव्हती असं नाही. माझ्याही घरी मुलगी आहे. एवढं शिकून ममता काउंटरवर खोकल्याच्या बाटल्या देते, हे त्याला रोज टोचत असणार. टोचत होतं म्हणूनच तो भाकरीचा मुद्दा एवढ्या मोठ्याने सांगत होता. बाप म्हणून त्याने पुण्याचं स्थळ पाहिलं यात मला चूक दिसत नाही. चूक होती ती शंकरसिंगच्या हातावर ठेवलेल्या गुळात. ती बोलून दाखवायला मात्र आम्हा दोघांचीही जीभ वळत नव्हती.

दोन दिवसांनी धावजी नायकाचा निरोप आला. उद्या सकाळी तांड्यावर बैठक, देवीलालने यावं, आणि नानाजी कंडक्टरनेही यावं, कारण होळीला ते हजर होते. सेवालाल महाराजांच्या देवळासमोरच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. एका बाजूला शंकरसिंग बसला होता, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत. बायका देवळाच्या पायरीशी बसल्या होत्या, त्यांत सुखीबाई. बैठकीची बोली गोरमाटी, पण मी होतो म्हणून नायकांनी मराठीत चालवली. मला समजलं नाही तर बरं, असं मला वाटत होतं, तेवढीही सोय राहिली नाही.

नायक म्हातारे, आवाज बारीक, कधी चढत नाही. त्यांनी आधी मला विचारलं, होळीला काय झालं. मी सांगितलं. खोटं बोलावं असं फार मनात आलं, पण गूळ माझ्याही हातावर पडला होता. मग त्यांनी देवीलालकडे पाहिलं. देवीलाल म्हणाला, ते बोलण्याच्या भरात होतं.

“गूळबी बोलण्याच्या भरात वाटला काय?” नायकांनी विचारलं.

 देवीलाल म्हणाला, पोरीची इच्छा नाही. हे ऐकल्याबरोबर पायरीवरून सुखीबाईचा आवाज आला. बैठकीत बायका सहसा बोलत नाहीत, ती बोलली. “पोरीवर नका ढकलू, ममताचे बापू. पोरीले तुमी होळीलेबी नाही इचारलं अन परवाबी नाही इचारलं.” ती रागाने बोलली नाही. नुसतं सांगितलं आणि पदर सारखा केला. देवीलालच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. दुसऱ्याला निरुत्तर करणाऱ्या माणसाला निरुत्तर व्हायची सवय नसते, त्याला ते फार लागतं.

नायक म्हणाले, ठीक आहे, शब्द मोडायचा असेल तर मोड, जबरदस्तीने कुणी कुणाची पोरगी नेत नाही. पण आपल्यात रीत आहे, मोडणाऱ्याने मुलात खोट असेल तर ती चारचौघांत सांगावी, नसेल तर तसं सांगावं, म्हणजे उद्या त्या मुलाबद्दल कुणी भलतंसलतं बोलणार नाही. सांग, पोऱ्यात काय खोट आहे? दारू पितो का? देवीलाल म्हणाला, नाही. जुगार? नाही. कामाचा आळस? नाही. कुणाशी उर्मट बोलला का? देवीलालने मान हलवली आणि म्हणाला, पोरगा सोन्यासारखा आहे.

“मंग?”

तो सतरंजीकडे बघत राहिला. मग काहीतरी बोलला, ते कुणालाच ऐकू आलं नाही. नायक म्हणाले, मोठ्याने सांग. जो माणूस फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा बोलायचा, त्याला मोठ्याने बोल म्हणावं लागलं. “गावात काही नाही नायक,” तो म्हणाला. “इथं राहून पोरीचं पुढं काही होणार नाही.”

 मला वाटलं, आता शंकरसिंग उठेल, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या, मी असतो तर दिल्या असत्या. तो सरकून देवीलालच्या समोर आला आणि अगदी हळू बोलायला लागला. रागावलेला नव्हता. गोंधळलेला होता. हिशेब कुठं चुकला ते खरंच कळत नसलेल्या माणसासारखा.

“सगा, एकच गोष्ट इचारतो,” तो म्हणाला. “हैदराबादची कंपनी लखनले बोलावून राह्यली होती. मीच त्याले जाऊ देलं नाही. म्हनलं, देवीलालभाऊ शिकले-सवरलेले, सारे शहर त्यायच्या खिडकीवरून जातेत, ते म्हणतेत का इथंच चांगलं आहे, अन पोरगीबी इथंच देऊन राह्यले, मंग आपून पोराले तिकडं कायले धाडा? मी त्याले तवा जाऊ देलं असतं, तं तुमी पोरगी देली असती का?”

देवीलालने वर पाहिलं. समोर देऊळ, बाजूला नायक, आणि पुढ्यात हा माणूस, ज्याने इतकी वर्षं त्याच्या शब्दाला मान हलवली होती. खोटं बोलायला जागाच नव्हती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नाही म्हण, अरे नाही म्हण, दुसरं काहीतरी कारण काढ.

“देली असती,” देवीलाल म्हणाला.

शंकरसिंगने मान हलवली. नेहमी हलवायचा तशीच. मग नायकांकडे वळून म्हणाला, मला आणखी काही विचारायचं नाही.  मी माझ्या चपलांकडे बघत होतो. आयुष्यात तिकिटाच्या पैशांवरून, सुट्ट्यांवरून लोकांनी मला काय काय ऐकवलं आहे, पण इतकं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. आणि मी तर नुसता साक्षीदार होतो.

नायकांनी दंड लावला नाही. म्हणाले, शब्द मोडला, तुम्ही दोघं मोकळे. पुण्याच्या पाहुण्यांना हो म्हणायचं की नाही ते ममता सांगेल, तिचा बाप सांगणार नाही. आणि एक काम देवीलालनेच करायचं. मुलाला हे त्याच्या बापाच्या तोंडून कळू नये. त्याच्या दुकानात जाऊन तू सांग.

ममताने पुढे काय ठरवलं ते इथं लिहीत नाही. तिला एकदा नीट विचारलं गेलं आणि तिने विचार करायला वेळ मागून घेतला, एवढं पुरे.

दुकानाकडे जाताना देवीलाल माझ्या स्कूटरवर मागे बसला होता.  रब्बीचे दिवस, लखनच्या दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागली होती, वार्निशचा वास येत होता. लखन स्टुलावर बसून तांब्याच्या तारेची वेटोळी भरत होता. आम्हाला पाहून उठला, दोन खुर्च्या पुसून पुढे केल्या आणि शेजारच्या टपरीवर तीन चहा सांगितले. मला वाटलं होतं, हा तोंड फिरवेल. त्याने तेवढीही सवलत दिली नाही.

देवीलालने सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. होळीचा गूळ, पुण्याचं स्थळ, बैठकीत तो काय म्हणाला आणि शंकरसिंगला त्याने काय उत्तर दिलं, तेही. काही लपवलं नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगेन. लखन ऐकत होता आणि हातातली तार सरळ करत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, “त्या कंपनीचा फोन अजूनबी येते काका. मंग तुमीच सांगा, जाऊ का मी हैदराबादले?”

चहा आला होता. देवीलालने ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी त्याच्याकडे बघत होतो. राहा म्हणायला आता तोंड नव्हतं. जा म्हणणं म्हणजे खिडकीत बसून काढलेली सगळी वर्षं पुसून टाकणं.

“जाय बेटा,” तो म्हणाला. “इथं काही नाही. मी उगाच बोलत होतो.”

लखनने त्याच्याकडे पाहिलं. मग वेटोळं उचलून मोटारीत बसवायला लागला. बसवता बसवता म्हणाला, “मी कुठी नाही जाऊन राह्यलो काका. बाबूजीले वाटते मी तुमच्या बोलण्यानं राह्यलो, तसं नाही. मले इथं करमते म्हणून राह्यलो. तुमी काय म्हणता थे फक्त ऐकाचं होतं.”

त्यात टोमणा नव्हता. चहा थंड होतो आहे, घ्या, असंही वर म्हणाला. समोर एक शेतकरी मोटार घेऊन आला, तर लखन उठून त्याच्याशी बोलायला गेला.

देवीलालने ग्लास खाली ठेवला. वाघ, सिग्नल, खांदा देणारे शेजारी, मीठ वाहणारे बैल, इतकं सगळं त्याने गावाच्या बाजूने जमा केलं होतं आणि हा पोरगा ‘करमते’ या एका शब्दात मोकळा झाला होता. मी म्हटलं, चला भाऊ. तो उठला नाही. जमिनीकडे बघत मला म्हणाला, “नानाजी, लोकायले एवढं सांगतलं मी. पण मले सोताले इथं करमते का, हे कोणी कधी इचारलंच नाही. इचारलं असतं, तं काय सांगतलं असतं?”

 माझा चहा संपला होता आणि त्याचा तसाच होता.